ईएफ ६० टक्के, म्हणजे नेमकं किती?

टूडी इकोचा रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांच्या आधी तो घरचे वाचतात. मुलगा वाचतो, सून वाचते, नर्सिंग केलेल्या भाचीला व्हॉट्सॲपवर फोटो जातो. दोन पानांतले बहुतेक शब्द अनोळखी असतात, पण एक आकडा सगळ्यांनाच वाचता येतो: एलव्हीईएफ ५५ टक्के. लगेच बोलणं सुरू होतं. आईचं हार्ट फक्त पंचावन्न टक्के चालतंय म्हणे. उरलेले पंचेचाळीस टक्के गेले कुठे? आणि अशा हृदयाला ऑपरेशन झेपणार कसं?

पंचावन्न टक्के हा निरोगी हृदयाचा आकडा आहे, हे त्या घरात कुणीतरी त्याच संध्याकाळी सांगायला हवं.

हृदयाचा डावा खालचा कप्पा सैलावून रक्ताने भरतो, तेव्हा मोठ्या माणसात त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त मावतं. ठोका पडतो, कप्पा आवळतो आणि त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपास महाधमनीत ढकलतो. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडलं, त्याचं हे प्रमाण म्हणजे ईएफ. मागे राहिलेलं ५० मिलिलिटर वाया गेलेलं नसतं. जिना चढताना, सुटलेली बस पकडायला धावताना कप्पा अधिक जोराने आवळतो आणि त्या शिलकीतून रक्त उचलतो. ५५ ते ७० च्या दरम्यान कुठेही आकडा असला तरी पंपाचं काम ठीक चाललेलं आहे. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर असा पंप दिवसाला सात हजार लिटरच्या आसपास रक्त फिरवतो.

हा आकडा येतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. तंत्रज्ञ किंवा डॉक्टर पडद्यावरचं चित्र थांबवतात आणि कप्प्याच्या आतल्या कडेवरून रेघ ओढतात. एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना, एकदा पूर्ण आवळलेला असताना, दोन वेगवेगळ्या कोनांतून. मग संगणक त्या आकृतीच्या वीस चकत्या कल्पून त्यांचं आकारमान मोजतो. कागदावर यंत्राने छापलेली ती संख्या अशी एका माणसाच्या डोळ्यावर आणि हातावर उभी असते. दोन अनुभवी डॉक्टरांनी एकाच दिवशी एकाच हृदयावर रेघ ओढली तरी पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. गेल्या वर्षी ६०, यंदा ५६, म्हणून हृदय चार टक्क्यांनी खालावलं असं म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या फाईलमधला प्रत्येक आकडा हे कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न माहीत नसेल तर आकडा नुसता घाबरवतो किंवा नुसताच धीर देतो. आणि यातले काही प्रश्न तर शल्यविशारदांच्या गरजेतूनच जन्मले. छाती उघडण्याआधी आत काय आहे, हे त्यांना कळायलाच हवं होतं.

इकोची सुरुवातच तशी झाली. १९५०च्या आसपास हृदयाच्या मायट्रल झडपेवरची शस्त्रक्रिया नुकती रुळत होती. संधिवाताच्या तापानंतर ही झडप जाड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. आपल्याकडे आजही ऐन तरुण वयातल्या बायकांमध्ये, पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात, हा आजार उघडकीला येतो. १९४८मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनी काही दिवसांच्या अंतराने ही वाट मोकळी करून दाखवली. हृदय धडधडत असतानाच वरच्या डाव्या कप्प्याला छोटं छिद्र पाडायचं, त्यातून बोट किंवा बोटाला बांधलेली छोटी सुरी आत सरकवायची आणि चिकटलेल्या पाकळ्या सोडवायच्या. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं स्पर्शावर. पण झडप अरुंद नसून गळकी असेल तर? मग बोटाने काहीच साधत नाही, उलट गळती वाढायची. अरुंद आहे की गळकी, आणि दोन्ही असेल तर जास्त काय, हे आधी समजणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता. स्टेथोस्कोप आणि एक्स-रे दर वेळी खात्रीचं उत्तर देत नव्हते.

स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ नेमक्या याच प्रश्नाने अस्वस्थ होते. त्यांची गाठ पडली हेलमुट हर्ट्‌झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाशी. हर्ट्‌झ घराणंही विलक्षण. वडील गुस्ताव्ह नोबेल विजेते, आणि ज्यांच्या नावाने आपण वारंवारता मोजतो ते हाइनरिश हर्ट्‌झ वडिलांचे काका. एडलर यांचा प्रश्न ऐकून हेलमुटना जहाजबांधणीत वापरलं जाणारं एक यंत्र आठवलं. पोलादी पत्र्यांच्या जोडात आतून भेग आहे का, ते हे यंत्र ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून ओळखायचं. मालमोच्या गोदीत जाऊन त्यांनी ते स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं. पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर सरकणारा प्रतिध्वनी दिसला. मग सीमेन्सकडून तसंच एक यंत्र उसनं मिळालं, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. जहाजातली भेग शोधणारं यंत्र माणसाच्या छातीवर ठेवावं असं एखाद्याला सुचतं, आणि त्यातून पुढच्या सत्तर वर्षांत जगभरातली हृदयं दिसू लागतात. ही गोष्ट कितीही वेळा आठवली तरी मला तिचं नवल वाटतं.

इकोच्या खोलीत दिवे मंद असतात. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात, कारण तसं केल्याने हृदय फुप्फुसाच्या आडून निसटून छातीच्या भिंतीला टेकतं. थंडगार जेल लावतात, त्वचा आणि यंत्राच्या मुठीमधली हवा काढून टाकण्यासाठी. ध्वनीला हवेतून पुढे जाऊन हृदयापर्यंत पोचता येत नाही. मूठ सेकंदाला वीस लाखांहून जास्त कंपनांचा ध्वनी आत सोडते. आपल्या कानांची मर्यादा वीस हजारांची, म्हणून ऐकू काहीच येत नाही. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धावतो. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. तेवढ्या अवधीत यंत्र ऐकतं, वेळ मोजतं, वेळेवरून अंतर काढतं, आणि पाकळीचा एक ठिपका पडद्यावर ठेवतं. असे असंख्य ठिपके मिळून ती उघडमीट करणारी झडप दिसते.

मग डॉक्टर एक बटण दाबतात आणि करड्या चित्रात रंग येतात. लाल, निळा, मधूनच पिवळ्या-हिरव्या ठिणग्या. पडद्याकडे मान वळवून बघणाऱ्या रुग्णाला वाटतं, लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीने आपल्याला तेच शिकवलेलं असतं. इथे रंगांचा अर्थ वेगळा आहे. मुठीच्या दिशेने येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं, आणि वेगाने घुसळलेलं रक्त रंगीबेरंगी. झडप बंद असताना वरच्या कप्प्यात निळसर-पिवळा झोत मागे उसळलेला दिसला, तर ती गळती. रिपोर्टात ‘ट्रिव्हियल एमआर’ लिहिलेलं असतं तेव्हा मायट्रल झडपेची अशीच, पण नखाएवढी गळती दिसलेली असते, आणि ती कित्येक धडधाकट माणसांतही दिसते.

हे रंग शक्य झाले ते डॉपलर परिणामामुळे. फलाटावरून एक्स्प्रेस धडधडत जाते तेव्हा जवळ येताना तिच्या शिट्टीचा सूर चढा असतो, पुढे गेल्यावर तो उतरतो. १८४२मध्ये ख्रिश्चन डॉपलर यांनी प्रागमध्ये हा विचार मांडला तो ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाइस बॅलॉट यांनी आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून आणि बाहेर सुरांचे जाणकार उभे करून तो पडताळून पाहिला. आज तेच गणित रक्तातल्या तांबड्या पेशींवर चालतं. पेशींवरून परतलेल्या ध्वनीचा सूर किती बदलला, यावरून रक्ताचा वेग कळतो.

आता वेगावरून पुढचं कसं कळतं? इथे शेताकडे यावं लागेल. रात्री दारं धरायला गेलेल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही: पाटाचं तोंड मातीने निम्मं बुजलं की पाणी तिथून जोराने सुटतं आणि मागच्या बाजूला पातळी चढते. महाधमनीच्या दाराशी असलेली झडप वयानुसार चुना साचून अरुंद झाली की तेच होतं. निरोगी झडपेतून रक्त सेकंदाला एक-दीड मीटर वेगाने जातं. झडप फारच अरुंद झाली की तेवढंच रक्त चार मीटरने सुटतं, म्हणजे ताशी चौदा किलोमीटरहून अधिक. आणि मागच्या कप्प्यात दाब चढतो. हा चढलेला दाब मोजायला पूर्वी हृदयात नळी घालावी लागायची. डॅनिएल बर्नुली, जे स्वतः वैद्यकीचे पदवीधर होते, त्यांनी १७३८च्या ग्रंथात प्रवाहाचा वेग आणि दाब यांचं नातं मांडलं होतं. १९७०च्या दशकात नॉर्वेतल्या त्रोंडहाइममध्ये लिव्ह हॅत्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नात्याचा एक सुटसुटीत नियम झडपांसाठी वापरात आणला: वेगाचा वर्ग करा, त्याला चारने गुणा, दाबातला फरक मिळेल. चार मीटर वेग असेल तर चार गुणिले सोळा, म्हणजे पाऱ्याचे ६४ मिलिमीटर. रिपोर्टात ‘पीक ग्रेडियंट ६४’ लिहिलेलं असतं ते हेच. त्वचेला ओरखडाही न काढता, बाहेरून टेकवलेल्या मुठीने आतल्या दाबाचा हिशोब लागतो!

मात्र या हिशोबात दोन खाचा आहेत, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कित्येकदा तिथेच अडतो. एक म्हणजे ध्वनीचा झोत रक्ताच्या धारेशी सरळ रेषेत हवा. तिरका पडला तर वेग खराहून कमी मोजला जातो. आणि वेगाचा वर्ग होत असल्याने छोटी चूक मोठी होते: चारऐवजी साडेतीन मोजला गेला की ६४ चे ४९ होतात. म्हणून चांगला डॉक्टर बरगड्यांमधून, गळ्याच्या खाचेतून, उजव्या बाजूने, जिथून जिथून धार सापडेल तिथून मोजतो आणि सगळ्यांत मोठा आकडा धरतो. ही तपासणी कधी दहा मिनिटांत उरकते आणि कधी पाऊण तास चालते, ती यामुळेही.

दुसरी खाच अधिक फसवी. हृदयच थकलेलं असेल, ईएफ ३० वर आलेली असेल, तर रक्त जोराने ढकलायला बळ कुठलं? झडप अरुंद असूनही वेग कमी भरतो, ग्रेडियंट २५-३० दिसतो, आणि आकडा बघणाऱ्याला वाटतं की आजार मध्यम आहे. पाटात मुळात पाणीच कमी असेल तर बुजलेल्या तोंडातूनही ते हळूच जाणार. अशा वेळी डॉक्टर झडपेचं क्षेत्रफळ काढतात. निरोगी झडपेचं तीन-चार चौरस सेंटिमीटर, तीव्र आजारात एक किंवा त्याहून कमी. तरीही शंका उरली तर डोब्युटामिन नावाचं औषध हळूहळू शिरेतून देऊन हृदयाला काही मिनिटं जोर आणतात आणि पुन्हा मोजतात. जोर आल्यावर वेग वाढला पण वाट तेवढीच राहिली, तर झडप खरोखर अरुंद आहे. पाकळ्या अधिक उघडल्या आणि वाट रुंदावली, तर मूळ दुखणं स्नायूचं आहे.

मायट्रल झडपेच्या तीव्र गळतीत ईएफचा अर्थही उलटापालटा होतो. समजा, पंचावन्न वर्षांच्या एका बाईंचा रिपोर्ट आहे: मायट्रल झडप खूप गळते, ईएफ ५८ टक्के. वर सांगितल्याप्रमाणे हा आकडा निरोगी. बाईंना फारसा त्रासही नाही. तरी डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. घरच्यांना संशय येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण आत काय घडतंय ते पाहा. डावा कप्पा आवळतो तेव्हा रक्ताला दोन वाटा असतात. एक पुढे महाधमनीत, जिथे दाब भरपूर आहे. दुसरी मागे, गळक्या झडपेतून वरच्या कप्प्यात, जिथे दाब नगण्य. ईएफ फक्त कप्प्यातून किती रक्त गेलं एवढंच मोजते, ते कुठे गेलं हे तिला माहीत नसतं. मागची वाट इतकी सोपी असल्यामुळे स्नायू थकायला लागला तरी आकडा चांगला दिसत राहतो. म्हणून या आजारात ईएफ ६० किंवा त्याखाली उतरली, किंवा ठोका संपताना कप्प्याची रुंदी ४० मिलिमीटरला पोचली, की हृदयरोगतज्ज्ञ ती स्नायू हरू लागल्याची खूण मानतात. एका माणसात अगदी ठीक असलेले ५८ दुसऱ्या माणसात धोक्याची घंटा ठरतात.

त्या बाईंना आणखी एक इको करायला सांगतील, अन्ननलिकेतून. घशाला भूल देऊन बारीक नळी गिळवतात. हृदयाचा वरचा डावा कप्पा अन्ननलिकेला अगदी खेटून असतो, त्यामुळे मध्ये बरगडी नाही, फुप्फुस नाही. पाकळीचा कोणता भाग सैल आहे, पाकळीला धरणारा कोणता दोरा तुटलाय, कोपऱ्यात रक्ताची गाठ तर नाही, हे सगळं दिसतं. झडप दुरुस्त होईल की बदलावी लागेल, याचा अंदाज शल्यविशारद या चित्रावरून बांधतात.

ईसीजीविषयी थोडक्यात. विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये बनवलेलं यंत्र सुमारे २७० किलोंचं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. १९०५मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेख आपल्या प्रयोगशाळेत आणवला, आणि १९२४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजच्या गुलाबी कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. ईसीजी हृदयातल्या विजेचा प्रवास दाखवतो: ताल, अडथळे, होऊन गेलेल्या झटक्याच्या खुणा. रक्तवाहिन्या किती तुंबल्यात, हे तो शांत पडलेल्या माणसात दर वेळी सांगू शकत नाही. ‘ईसीजी नॉर्मल आलाय, मग अँजिओग्राफी कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

झडपेच्या ऑपरेशनआधीही चाळिशी ओलांडलेल्यांना अँजिओग्राफी करायला सांगतात, ती छाती एकदाच उघडायची म्हणून. वाहिन्या तुंबलेल्या असतील तर बायपासही त्याच वेळी उरकतो. या तपासणीमागचं धाडस मोठं आहे. १९२९मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथे पंचविशीतल्या वेर्नर फोर्समान यांनी मूत्रमार्गासाठी असलेली लांब नळी स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत सरकवली, आणि ती आत असतानाच चालत एक्स-रेच्या खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. हृदयात नळी गेली की माणूस मरतो, असं तेव्हा मानत. सत्तावीस वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत थेट रंगद्रव्य सोडायचं मात्र १९५८पर्यंत कुणी धजत नव्हतं. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स झडपेचा आजार असलेल्या एका २६ वर्षांच्या तरुणाची तपासणी करत होते. नळीचं टोक चुकून उजव्या वाहिनीत शिरलं आणि रंगद्रव्य तिथेच सुटलं. हृदय थांबलं. सोन्सनी त्या तरुणाला खोकायला लावलं, आणि खोकल्याच्या धक्क्याने हृदय पुन्हा सुरू झालं. आपल्या हातून घडलेल्या या अपघातातून सोन्सनी पद्धत घडवली. नऊ वर्षांनी, १९६७मध्ये, त्याच रुग्णालयात रेने फाव्हालोरो पायातली शीर वापरून बायपास करू लागले, कारण आता कुठे जोड द्यायचा ते दिसत होतं.

अँजिओग्राफीच्या रिपोर्टातले टक्केही नीट समजून घ्यायला हवेत. ‘७० टक्के ब्लॉक’ हा वाहिनीच्या व्यासातला फरक असतो, आणि वाट व्यासाच्या वर्गाने कमी होते. व्यास निम्मा झाला की मोकळी वाट पावच उरते. ७० टक्के घटला की नऊ टक्के. ऐकून छाती दडपते, पण शरीराची तजवीज तितकीच थक्क करणारी आहे. पुढच्या बारीक वाहिन्या आपोआप रुंदावतात, आणि स्वस्थ बसलेल्या माणसात ७० टक्के ब्लॉकच्या पलीकडेही पुरेसं रक्त पोचत राहतं. कमी पडतं ते चढ चढताना. म्हणून ‘मला बसल्या जागी काही होत नाही’ हे आणि मोठा ब्लॉक हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ५० ते ७० च्या मधल्या, संदिग्ध ब्लॉकसाठी आता बारीक तारेने ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. पलीकडे ८० टक्के किंवा त्याहून कमी दाब उरला, तर तो ब्लॉक रक्त खरोखर अडवतोय.

आणि जिथे रक्त वर्षानुवर्षं कमी पोचलं, तिथला स्नायू इकोत हलताना दिसत नाही. रिपोर्टात ‘आरडब्ल्यूएमए’ लिहिलेलं असतं, म्हणजे भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही. तो भाग मेला का? दर वेळी नाही. मुंबईत जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८०च्या दशकात ठासून मांडलं की कमी रक्तात तग धरण्यासाठी स्नायू आपलं काम थांबवून जिवंत राहू शकतो, आणि रक्त पुन्हा मिळालं की हलू लागतो. बायपासआधी कधी कधी एमआरआय किंवा पेट स्कॅन सांगतात ते हा जिवंत भाग किती उरलाय ते शोधायला. ईएफ ३५ असूनही शल्यविशारद आशेने बोलतात, त्यामागे हा शोध असतो.

ऑपरेशन हृदयाचं नसेल, गुडघ्याचं किंवा पित्ताशयाचं असेल, तर मात्र ‘फिटनेस’साठी पुष्कळदा नको इतक्या तपासण्या होतात. मोतीबिंदूच्या सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आधी ईसीजी आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या केल्या काय आणि न केल्या काय, गुंतागुंतीत फरक पडला नाही. मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टर विचारतात, दोन जिने न थांबता चढता का? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून बसल्या जागी लागणाऱ्या प्राणवायूच्या चौपट प्राणवायू पुरवायची शरीराची ताकद कळते. फक्त त्याचं उत्तर अंदाजाने घेऊन भागत नाही. २०१८मध्ये १,४०१ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांची ताकद खरोखर कमी होती, त्यांच्यापैकी पाचातल्या एकालाच डॉक्टरांचा नुसता अंदाज ओळखू शकला. जिना, जड घरकाम, थोडं धावणं अशा बारा प्रश्नांची ठरीव यादी, आणि हृदयावरचा ताण दाखवणारी एक रक्ततपासणी, या दोन्ही अधिक उपयोगी ठरल्या. तेव्हा विचारलं तर खरं सांगा. ‘चढते की’ म्हणताना मध्ये दोनदा कठड्याला धरून उभं राहावं लागत असेल, तर तेही सांगा.

पुन्हा गळक्या झडपेच्या त्या बाईंकडे. ऑपरेशनच्या दिवशी अन्ननलिकेतली ती नळी थिएटरमध्येही असते. झडप दुरुस्त करून झाली, हृदय पुन्हा धडधडायला लागलं की छाती शिवण्याआधी सगळे पडद्याकडे बघतात. मागे उसळणारा झोत गेला का? लक्षात येण्याजोगी गळती उरली असेल तर हृदय पुन्हा थांबवून दुरुस्ती सुधारतात किंवा झडप बदलतात. दुरुस्ती पक्की झालेली असते, बाई घरी येतात, आणि पुढच्या इकोत ईएफ ५० येते. आधी ५८ होती. फाईल पुन्हा घरभर फिरू लागते, ऑपरेशनने बिघडवलं की काय म्हणून. पण मागची सोपी वाट आता बंद झालेली आहे. सगळं रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्धच ढकलायचंय, आणि आधीच्या आकड्याला लागलेला टेकू निघालाय. सुरुवातीची ही घसरण अपेक्षित असते. हळूहळू कप्पा आक्रसतो, स्नायू सावरतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा इको करून हाच आकडा आजच्या ५० शी ताडून बघतात.